आवारातले काम आणि शिक्षण : नागपुरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत भंडारा, गोंदिया, वर्धा आणि नागपूर जिल्ह्याच्या तालुक्यांतून, शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीकडूनही, हजारो मुलेमुली पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपुरात येतात, आणि प्रवेशाची धावपळ संपते न संपते तोच खोलीचे भाडे, मेसचे पैसे व झेरॉक्सचा खर्च भागवायचा कसा, हा प्रश्न त्यांच्यातल्या अनेकांपुढे उभा राहतो. अशा वेळी बहुतेकांची पावले सीताबर्डीतल्या दुकानांकडे किंवा घरपोच डिलिव्हरीच्या कामाकडे वळतात. आपण ज्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकतो तिथेच, वर्गापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, मोबदला देणारे काम असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मी स्वतः पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे ग्रंथालयात काम करून काढली आणि त्यानंतर अनेक वर्षे विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देण्यास मदत करत आलो. त्या अनुभवातून जे कामाचे वाटते ते येथे क्रमाने मांडत आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. बाहेरचे काम दुप्पट पैसे देत असले तरी विद्यार्थ्याने आधी आवारातले काम शोधावे, कारण त्यात पैसे कमी मिळाले तरी वेळ आपल्या हातात राहतो. मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. वेळापत्रक पाहून काम निवडावे लागते, कागदपत्रे चोख ठेवावी लागतात आणि आपल्या तासांचा हिशेब आपण स्वतः राखावा लागतो.

कोणते काम, कोणत्या नावाने

महाराष्ट्रात या व्यवस्थेचे सर्वांना परिचित नाव ‘कमवा व शिका’ असे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा श्रम करून शिकणे हा त्या शिक्षणाचा पायाच होता. आज राज्यातल्या विद्यापीठांमध्ये आणि अनेक महाविद्यालयांमध्ये ही योजना त्याच नावाने चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे, आणि अशा योजनांचे परिपत्रक, अर्ज व यादी हे काम सर्वसाधारणपणे विद्यार्थी विकास विभागाकडून होते. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, हे काम मागायला जाताना ज्यांना संकोच वाटतो त्यांनी तो बाळगू नये. मानधन ही मदत म्हणून हातावर ठेवलेली रक्कम नसून केलेल्या कामाचा मोबदला आहे.

कामाचे स्वरूप साधारण असे असते : ग्रंथालयात पुस्तके रॅकवर लावणे, नियतकालिकांची नोंद ठेवणे, पुस्तकांना लेबल व बारकोड चिकटवणे, प्रयोगशाळेत काचेची उपकरणे धुऊन-पुसून ठेवणे व साहित्याची यादी करणे, कार्यालयात आवक-जावक नोंदवही लिहिणे, फायली लावणे, संगणकावर माहिती भरणे, विभागाच्या बागेची आणि रोपवाटिकेची निगा राखणे, चर्चासत्र असेल तेव्हा नावनोंदणीच्या टेबलावर बसणे. काही वसतिगृहांत मेसच्या हिशेबाचे कामही विद्यार्थ्यांकडे दिले जाते.

याच्याशी मिसळून टाकू नयेत अशा दोन गोष्टी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात, पण ती सेवा आहे आणि त्यात मानधन नसते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात आलेले ऑन जॉब ट्रेनिंग, ज्याला सगळे ‘ओजेटी’ म्हणतात, ते श्रेयांकांसाठी (क्रेडिटसाठी) असते. तुमचे आवारातले काम ओजेटी म्हणून चालेल असे गृहीत धरू नका. चालवून घ्यायचे असेल तर विभागप्रमुखांची लेखी संमती काम सुरू होण्याआधी घ्यावी लागते.

पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावर आणखी वाटा आहेत. व्हीएनआयटीसारख्या (नागपुरातली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) संस्थेत गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेच्या आधारे एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते आणि तिच्याबरोबर दर आठवड्याला प्रयोगशाळेत किंवा शिकवणीत मदत करण्याची जबाबदारी येते. विद्यापीठाच्या विभागात एखाद्या प्राध्यापकांकडे संशोधन प्रकल्प चालू असेल तर क्षेत्रकार्य, नमुने गोळा करणे, प्रश्नावल्या भरून घेणे अशा कामासाठी प्रकल्प सहायक लागतो. अशा जागांच्या जाहिराती बहुधा थोड्या दिवसांच्या मुदतीच्या असतात, त्यामुळे सूचनाफलक दर आठवड्याला पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आधी वेळापत्रक मांडा

काम शोधण्याआधी एका कोऱ्या कागदावर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आखा आणि त्यांत तासिका, प्रात्यक्षिके, येण्याजाण्याचा वेळ, जेवण आणि स्वतःच्या अभ्यासाचे तास भरा. उरलेल्या जागा तुम्हाला कामासाठी देता येतील. हे डोळ्यांसमोर आल्याशिवाय ‘मी केव्हाही येऊ शकतो’ असे कोणालाही सांगू नका, कारण केव्हाही येणारा विद्यार्थी शेवटी सर्वांत अडचणीच्या वेळी बोलावला जातो. ७५ टक्के उपस्थितीची अट परीक्षेसाठीही असते आणि बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठीही असते. तासिका बुडवून केलेले काम त्यामुळे वर्षाअखेरीस महागात पडते.

एक हिशेब करून पाहू. समजा, मानधन ताशी ५० रुपये आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. तुमच्या संस्थेचा दर परिपत्रकात असेल. रोज दोन तास आणि महिन्याचे २२ दिवस काम केले, तर ४४ तासांचे २,२०० रुपये होतात. बर्डीवरच्या एखाद्या दुकानात संध्याकाळी पाच तास उभे राहून याच्या दुप्पट-तिप्पट मिळतील हे खरे आहे. पण त्यातून अमरावती रोडवरून बर्डीला जाण्यायेण्याचा वेळ, बसचे किंवा ऑटोचे भाडे, रात्री साडेनऊला खोलीवर पोचल्यावर न उघडलेले पुस्तक आणि दिवाळीच्या गर्दीत, म्हणजे नेमकी हिवाळी परीक्षा तोंडावर आलेली असताना, न मिळणारी सुटी, हे सगळे वजा करून पाहा. ज्याच्या घरी पैशाची फारच ओढ आहे त्याला बाहेरचेच काम घ्यावे लागेल, आणि त्यात काही चूक नाही. ज्याला निवड करता येते त्याने मात्र हा हिशेब केल्याशिवाय निवडू नये.

कागदपत्रे : इथे घाई करू नका

अर्जाबरोबर सर्वसाधारणपणे पुढील गोष्टी मागितल्या जातात : चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती किंवा बोनाफाईड प्रमाणपत्र, मागील परीक्षेची गुणपत्रिका, आधार कार्डाची प्रत, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, दोन छायाचित्रे आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. बहुतेक ठिकाणी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ग्रामीण भागातून आलेल्या आणि वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना प्राधान्य असते, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याला महत्त्व येते. तो गावाकडच्या तहसीलचा लागत असल्यामुळे नागपुरात येऊन मग आठवण होऊन उपयोग नसतो. गावाहून निघण्याआधीच सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून तो काढून घ्या आणि सोबत त्याच्या चार साक्षांकित प्रती ठेवा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या स्वाधार योजनेसाठी किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करणार असाल, तर तिथेही हाच दाखला लागणार आहे.

सर्वांत जास्त अडचण बँक खात्यामुळे होते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण मला नेहमी आठवते. तिने जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत एका विभागाच्या प्रयोगशाळेत एकही दिवस न चुकवता काम केले आणि बाकी सगळ्यांचे मानधन जमा झाले तरी तिच्या खात्यात एक रुपया आला नाही. लेखा विभागात चौकशी केली तेव्हा ‘आम्ही पाठवले आहेत’ असे उत्तर मिळाले. चौथ्या फेरीत एका कारकुनाने देयकाची फाईल उघडून दाखवली, तेव्हा रक्कम दोनदा परत आल्याची नोंद त्यात सापडली. तिचे पासबुक सहावीत असताना गावच्या शाखेत काढलेले होते, पुढे त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले आणि पासबुकावर छापलेला आयएफएससी क्रमांक, म्हणजे शाखेचा ओळख क्रमांक, केव्हाच बंद पडला होता. पैसे परत येत होते, पण ते तिला कळवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. नवा क्रमांक देऊन, पुन्हा अर्ज करून, पुरवणी देयक निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्या चार महिन्यांत तिने मेसचे पैसे मैत्रिणीकडून उसने घेतले होते.

म्हणून अर्ज देण्याच्या आधी बँकेत जाऊन चार गोष्टी पक्क्या करून घ्या. खाते चालू आहे ना, हे पाहा. दोन वर्षे व्यवहार नसेल तर बँक ते निष्क्रिय ठरवते आणि केवायसी, म्हणजे ओळख व पत्त्याची पडताळणी, पुन्हा करावी लागते. आयएफएससी क्रमांक आजचा आहे ना, हे शाखेत विचारा. खात्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे आहे ना, हे तपासा, कारण गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी अशी गडबड आपल्याकडे घरोघरी असते. चौथी गोष्ट म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि मानधन बहुधा तुम्ही अर्जात दिलेल्या खात्यात जमा होते. ही दोन खाती वेगळी असली तर कोणते पैसे कुठे आले, याचा गोंधळ वर्षभर पुरतो. शक्य तर एकच खाते ठेवा.

शिष्यवृत्ती घेत असताना मानधन चालते का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि दोन तासांचे मानधनाचे काम या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही प्रत्येक योजनेच्या अटी स्वतः वाचा आणि अर्जात विचारले असेल तर मानधनाची माहिती लपवू नका.

कुठे आणि कसे विचारायचे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसरात शिकत असाल तर पहिली भेट आपल्याच विभागप्रमुखांची घ्या. कामाची गरज विभागात निर्माण होते, शिफारस विभागप्रमुख करतात आणि हजेरीवर सहीही त्यांचीच लागते, त्यामुळे त्यांना माहीत नसताना वरच्या कार्यालयात थेट अर्ज देऊन काही साधत नाही. त्यानंतर विद्यार्थी विकास विभागात जाऊन योजनेचे या वर्षीचे परिपत्रक निघाले आहे का, अर्जाची शेवटची तारीख कोणती, दर आणि तासांची मर्यादा किती, हे विचारा. परिपत्रकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. संलग्न महाविद्यालयात असाल तर प्राचार्यांचे कार्यालय, ग्रंथपाल आणि विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून नेमलेले प्राध्यापक, या तीन ठिकाणी चौकशी करावी. योजना तुमच्या महाविद्यालयात चालू नसेल तर चार-पाच जणांनी मिळून ती सुरू करण्याची लेखी विनंती प्राचार्यांना करावी. एकट्याच्या तोंडी विनंतीपेक्षा तिचा विचार लवकर होतो.

वेळ साधणे महत्त्वाचे असते. प्रवेश पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जागा भरतात. ज्यांना सूचना लागल्यावर कळते ते उशिरा पोचलेले असतात. तरीही सप्टेंबरात विचारायला लाजू नका. यादीतली दोन-तीन मुले काम सोडतात आणि त्या वेळी ग्रंथपालांना आठवतो तो मध्यंतरी येऊन नाव देऊन गेलेला विद्यार्थी.

अर्ज एका पानाचा आणि नेमका असावा. ‘मी गरीब घरचा असून मला मदत करावी’ एवढ्यावर तो संपवू नका. परिस्थिती एका वाक्यात खरी सांगा आणि उरलेली जागा तुम्ही काय करू शकता यासाठी वापरा. मजकूर असा असू शकतो : ‘मी आपल्या विभागात एम.ए. प्रथम वर्षाला शिकत असून तुमसर तालुक्यातून आलेलो आहे व वसतिगृहात राहतो. मला मराठी व इंग्रजी टंकलेखन येते आणि बारावीनंतर गावच्या वाचनालयात सहा महिने पुस्तक देवघेवीचे काम केले आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी तीन ते पाच ही वेळ माझ्याकडे मोकळी आहे. “कमवा व शिका” योजनेअंतर्गत मला काम मिळावे, ही विनंती.’ ज्याला अनुभव नाही त्याने शेतीचा हिशेब ठेवला असेल, बचतगटाची वही लिहिली असेल किंवा गणेशोत्सवाची वर्गणी सांभाळली असेल, तर तेच लिहावे. नोंद नीट ठेवता येते, हे त्यातून समोरच्याला कळते.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

काम देण्याआधी तुम्हाला बोलावून दोन-चार प्रश्न विचारले जातील. त्या वेळी तुम्हीही विचारा, नम्रपणे पण नक्की : काम कोणाच्या देखरेखीखाली आहे, हजेरी कुठे लावायची, परीक्षेच्या काळात सुटी कशी मिळेल, मानधन दरमहा निघते की सत्राअखेर, आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र मिळते का. मानधन उशिरा निघते असे कळले तर नाउमेद होऊ नका, पण पहिल्या तीन महिन्यांचा खर्च त्याच्या भरवशावर ठेवू नका. शासकीय पद्धतीत देयक तयार होणे, तपासणी, मंजुरी आणि बँकेकडे पाठवणे या पायऱ्यांना वेळ लागतो आणि अनुदान यायचे असेल तर आणखी लागतो.

पहिले पंधरा दिवस

माझे काम ग्रंथालयात होते. पहिल्याच दिवशी परत आलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांची ट्रॉली माझ्या हाती दिली गेली आणि अर्ध्या तासात मी ती रिकामी करून अभिमानाने उभा राहिलो. ग्रंथालयात तीस वर्षे काम केलेले परिचर काका आले, रॅकपाशी थांबले आणि काही न बोलता सहा पुस्तके बाहेर काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी ३३०.९ वर्गांकाची पुस्तके ३३०.१२ च्या आधी लावली होती, कारण नऊ हा आकडा बारापेक्षा लहान. ‘पाह्य बाबू,’ ते म्हणाले, ‘टिंबाच्या समोरचे आकडे एकेक करून वाचायचे असतात. एक आधी, नऊ मागून. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक.’ दशांश वर्गीकरणाची ती रीत मला नंतर कोणत्याही तासिकेत इतकी स्पष्ट कळली नाही. मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि हिंदी साहित्य ८९१.४३ ला, हे तेव्हापासून हातालाच पाठ झाले. पुढे संदर्भासाठी पुस्तक शोधताना मला कधीही काउंटरवर विचारावे लागले नाही आणि एका पुस्तकाच्या शेजारची, विषयाला लागून असलेली चार पुस्तके न शोधताच सापडत गेली. माझ्या लघुप्रबंधाची निम्मी संदर्भसूची अशीच तयार झाली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आवारातले काम वरवर पाहता साधे दिसते, पण त्याच्या मागे एक पद्धत असते आणि ती पद्धत शिकणे हाच त्यातला मोठा लाभ असतो. आवक-जावक नोंदवही लिहिणाऱ्याला अर्ज कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, टिपणी म्हणजे काय आणि फाईल कुठे अडते, हे कळते. स्पर्धा परीक्षा देऊन शासकीय सेवेत जाऊ पाहणाऱ्याला ही ओळख पुस्तकातून होत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला कोणते द्रावण कोणत्या बाटलीत ठेवायचे आणि फुटलेल्या काचेची नोंद साठापुस्तकात कशी करायची, हे कळते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत निमूटपणे सांगितलेले उरकण्याऐवजी ‘हे असेच का करायचे?’ हा प्रश्न रोज एकदा तरी विचारा. परिचर, लिपिक, प्रयोगशाळा सहायक ही माणसे अशा प्रश्नांनी सुखावतात आणि भरभरून सांगतात. त्यांना काका, मावशी, दादा, मॅडम म्हणून मान द्या. आपण पदव्युत्तर शिकतो म्हणून त्यांच्यापेक्षा वरचे आहोत, असा सूर चुकूनही लावू नका.

वेळेवर येणे आणि येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवणे, एवढ्या दोन गोष्टी सांभाळणारा विद्यार्थी महिन्याभरात सर्वांच्या विश्वासाचा होतो.

हजेरी आणि हिशेब

विभागाच्या हजेरीपटावर रोज सही करा. आठवड्याच्या सह्या एकदम करू नका आणि दुसऱ्याची सही तर कधीच करू नका, कारण लेखापरीक्षणात असे आढळले तर केवळ तुमचे नव्हे तर पूर्ण विभागाचे देयक थांबते. त्याशिवाय स्वतःची एक लहान वही ठेवा आणि तीत तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ व केलेले काम एका ओळीत लिहा. महिनाअखेरीस दोन्ही ताडून पाहा. फरक असेल तर तो त्याच आठवड्यात शांतपणे दाखवून दिल्यास कोणीही दुरुस्त करून देते. चार महिन्यांनी आठवणीवर बोलून काहीच सिद्ध होत नाही. देयक पाठवले गेले की त्याचा जावक क्रमांक विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे लेखा विभागात चौकशी करताना ‘माझे पैसे आले नाहीत’ म्हणण्यापेक्षा ‘या क्रमांकाचे, या तारखेचे देयक कुठे आहे’ असे विचारले की उत्तर लवकर मिळते.

नाही म्हणण्याचे प्रसंग

हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या वेळापत्रकांची घोषणा होताच, परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी, सुटीचा लेखी अर्ज द्या. परीक्षेच्या काळात काम करणे धाडसाचे वाटते, पण त्याचा परिणाम गुणपत्रिकेवर दिसतो, आणि पुढच्या वर्षी या योजनेत पुन्हा घेताना गुणपत्रिकाच मागितली जाते. एप्रिल-मे महिन्यांत बागेतले किंवा मैदानावरचे काम असेल तर ते सकाळी दहाच्या आत संपवण्याची परवानगी मागून घ्या. नागपूरच्या उन्हात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करणे धोक्याचे आहे आणि असे काम नाकारणे आळसात मोडत नाही.

योजनेतले काम संस्थेचे असते. कोणाच्या घरचे सामान आणणे, खासगी कामासाठी बँकेत रांगेत उभे राहणे, घरच्या मुलांची शिकवणी घेणे, हे त्यात येत नाही. एखाद्या वेळी आपुलकीने मदत करणे वेगळे आणि तीच रीत होणे वेगळे. रीत होऊ लागली तर आधी ‘सर, माझे ग्रंथालयातले तास भरायचे राहिले आहेत’ असे म्हणून बाजूला व्हा, आणि तरीही थांबले नाही तर विभागप्रमुखांना किंवा विद्यार्थी विकास विभागाला लेखी कळवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि विद्यापीठ स्तरावर लोकपालाकडे दाद मागता येते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाचा प्रसंग ओढवला तर अंतर्गत तक्रार समितीकडे जाण्याचा हक्क विद्यार्थिनींना आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी दिलेला आहे. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी या समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक लावलेला फलक पहिल्याच दिवशी पाहून ठेवावा. संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारे काम घेण्याआधी परतीची सोय विचारणे हाही त्यांचा हक्कच आहे.

मिळालेल्या गोष्टींचा उपयोग

मानधन जमा झाले की आधी मेस आणि भाडे भागवा, आणि उरलेल्यातून परीक्षा शुल्काची रक्कम वेगळी काढून ठेवा. परीक्षा अर्जाची मुदत नेमकी हात रिकामे असतानाच येते आणि विलंब शुल्क विनाकारण भरावे लागते.

पैशांपेक्षा जास्त टिकणारी गोष्ट म्हणजे तुम्हाला काम करताना पाहिलेली माणसे. वर्गात साठ विद्यार्थी असतात आणि प्राध्यापकांना त्यांतले दहा नावाने माहीत असतात. विभागात वर्षभर काम करणारा त्या दहांत आपोआप येतो. पुढे पीएच.डी. प्रवेशासाठी, एखाद्या संशोधन प्रकल्पासाठी किंवा नोकरीसाठी शिफारसपत्र लागते तेव्हा हे प्राध्यापक ‘विद्यार्थी हुशार आहे’ एवढेच लिहून थांबत नाहीत. या विद्यार्थ्याने कोणते काम, किती काळ आणि कसे केले, हे ते लिहू शकतात.

स्वतःच्या बायोडेटातही हे काम तसेच नेमके मांडा. ‘कमवा व शिका योजनेत काम केले’ या एका ओळीतून वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘विभागीय ग्रंथालयात आठ महिने दररोज दोन तास, परत आलेल्या पुस्तकांची वर्गांकानुसार मांडणी, नियतकालिकांची नोंद व वार्षिक पडताळणीत सहभाग’ असे लिहिले की तुमची ओळख पटते. तपशील आठवत नसेल तर तुमची ती लहान वही काढा. त्यात सगळे असते.

शेवटचे काम मार्च-एप्रिलमध्ये करायचे आहे. अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज उन्हाळी परीक्षेच्या आधीच द्या, त्यात कामाचा कालावधी, एकूण तास आणि कामाचे स्वरूप या तीन गोष्टी नोंदवण्याची विनंती करा, आणि ते जावक क्रमांक व गोल शिक्क्यासह हातात घेऊनच गावी जा. जूनमध्ये परत आल्यावर विभागप्रमुख बदललेले असू शकतात, तुमच्या हजेरीवर सही करणारे काका निवृत्त झालेले असू शकतात, आणि नव्या माणसाला तुमच्या जुन्या हजेरीपटावरून प्रमाणपत्र देताना, त्याची इच्छा असली तरी, अडचण येते. दुसऱ्या वर्षी पुन्हा काम हवे असेल तर त्याच भेटीत तसे सांगून ठेवा आणि ग्रंथपालांनी किंवा विभागप्रमुखांनी होकार दिला तर तो तुमच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.